झाड एकच

माझ्या नातीला, रेवाला, माणसांत बसायची रीत राहिलेली नाही. दिवाळीला घरी येते, पाया पडते आणि ताट उचलून मागच्या पडवीत जाऊन जेवते. बाप स्वयंपाकघरात आला की ही बाहेर. बापानं विचारलं, "कशी आहेस?" तर म्हणते, "बरी." कचेरीतला कारकून तरी ह्याहून दोन शब्द जास्त बोलतो. यंदा मी तोंडावर म्हटलं, "काय गं, बापाशी बोलताना जिभेला काटे फुटतात का?" तर नुसती बघत राहिली. एखाद्या बुरशी धरलेल्या फांदीकडं बघावं आणि हिचं आता नाव काय ठरवावं असा विचार करावा, तसं.

नावं ठरवणं हे तिचं कामच आहे. झाडझाडोरा, किडामुंगी, सगळ्या जिवांची नोंद करायची मोठी मोहीम चाललीय, त्यात ती आमच्या घाटाच्या पट्ट्याला आहे. मी तिसरीतून शाळा सोडलेली बाई. पण न कळलेली गोष्ट मी कळल्यासारखी दाखवत नाही, विचारते. नोकरीला लागली त्या वर्षी मेथी निवडता निवडता मी तिला विचारलं होतं, "रानातल्या एवढ्या जिवांची तुम्ही वर्गवारी लावता तरी कशी?"

"उतरंड असते आज्जी," ती म्हणाली. "सगळ्यात मोठं मडकं खाली. सृष्टी, त्यावर संघ, मग वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि सगळ्यात वर लहानसं, जाती."

मी हातातली जुडी खाली ठेवली. "म्हणजे शास्त्रवाले पण गण बघतात? कूळ बघतात?"

"बघतात."

"आणि शेवटी येऊन जातीवर थांबतात?"

"थांबतात."

"मग आम्हालाच मागासलेले का म्हणता गं? आम्ही दुसरं काय करत होतो?"

ती इतकी हसली की मेथी सगळी जमिनीवर. तेव्हा ती हसायची.

मग तिनं ते यंत्र दाखवलं. पानाच्या चंचीएवढं. एका बाजूला भोक, त्यात पानाचा कपटा सरकवायचा, बोटानं दाबायचं, आणि यंत्र बाईच्या आवाजात मराठीत बोलतं. दोन भोकांत दोन पानं घातली तर दोघांचं नातं सांगतं. ती म्हणाली, रूपावर जायचं नाही, पानं फसवतात. एकाच झाडाचं कोवळं पान वेगळं, जून पान वेगळं. पण पानाच्या कणाकणात चार अक्षरांत लिहिलेली एक लांबच लांब ओळ असते. त्या ओळीतला ठरावीक तुकडा एका जातीच्या सगळ्या झाडांत जवळजवळ सारखा असतो, तो वाचला की जात कळते. पूर्वीची यंत्रं तेवढंच वाचायची. आताची सबंध ओळ वाचतात. त्यामुळं जातच काय, ते झाड नेमकं कोणतं, तेही कळतं, माणसाच्या अंगठ्यासारखं. हे शेवटचं ती सांगत होती तेव्हा माझी मेथी निवडून झाली होती आणि मी उठले होते. अर्धं ऐकून उठायची खोड मला महागात पडली.

यंत्र केलं होतं जंगलासाठी. पण आमच्या लोकांच्या हातात आल्यावर ते सरळ लग्नाच्या मांडवात गेलं.

आमच्यात प्रत्येक कुळाला देवक असतं. कुणाचं झाड, कुणाचं पाखरू, कुणाचा शंख. लग्नाआधी त्याची फांदी, पीस, जे असेल ते आणून मांडवाच्या खांबाला बांधतात. ज्यांचं देवक एक ते भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक होत नाही. आता पिढ्यान्‌पिढ्या कुणी काय फांदी बांधली, कुणाला ठाऊक? यंत्र आलं आणि जो तो आपलं देवक तपासायला लागला. लोकांनी यंत्राचं नाव ठेवलं पानजोशी. कार्यालयवाल्यांनी बँडवाल्याच्या शेजारी पानजोशीचं टेबल मांडलं. पलीकडच्या गावात एका नवराबायकोचं देवक एकच निघालं, नातवंडं झाल्यावर! म्हातारा तोंड लपवत फिरायला लागला. म्हातारी म्हणे, "आता बहीण म्हणून तरी माझं ऐका." एकांनी देव्हाऱ्यातलं वाडवडलांचं मोरपीस घातलं, तर यंत्र म्हणालं, "यात जीव कधी नव्हता." प्लास्टिकचं होतं. ठरलेली लग्नं मोडली, मोडलेली जुळली. रेवा कपाळाला हात लावायची. म्हणायची, "आज्जी, आम्ही बेडूक वाचवायला हे केलं होतं."

आणि मग ते तिच्याच दारात आलं.

मुलगा ऋतुराज. घाटाखाली कोंडवलीचा, रेवाच्याच मोहिमेत. वडील नाहीत, आई शैलजा, बाजारात खानावळ चालवते. मुलगा सरळ, डोळ्याला डोळा देऊन बोलणारा. मला आवडला. पण देवक विचारलं तर म्हणाला, कळंब. आमचंही कळंब. तळ्याच्या काठाला उभं आहे, माझ्या सासूच्या सासूच्या लग्नातली फांदीसुद्धा त्याचीच.

मी म्हटलं, "मग झालं. भाऊ लागतो तुझा."

रेवा म्हणाली, "आज्जी, नाव एक म्हणून झाड एक असं नसतं. खाली कदंबालासुद्धा कळंब म्हणतात. पान बघू दे."

ह्यात मला वावगं दिसलं नाही. मी म्हटलं, "झाड बोलेल ते मी बोलेन. पण पान तू आणायचं नाहीस, त्यानंही आणायचं नाही. तुम्ही दोघं गरजवंत. तुझा बाप आणेल." रेवाचा बाप म्हणजे माझा रणजित. शाळेचा हेडमास्तर. त्याच्या शब्दावर पंचक्रोशीत कुणी शंका घेत नाही. हे मी बोलले तेव्हा माझी मान ताठ होती.

अंगणात सगळे जमले. शैलजा नवं लुगडं नेसून, पाटीभर करंज्या घेऊन आली होती. रणजितनं दोन रुमालांतून दोन पानं काढली. हे आपलं, हे खालचं. रेवानं यंत्रात सरकवली. यंत्र घुमलं आणि स्वच्छ आवाजात बोललं, "झाड एकच."

मी रेवाकडं बघितलं. ती पांढरी पडली होती. मला वाटलं, लग्न मोडलं म्हणून.

"आज्जी," ती म्हणाली, "मी परत पान आणते. मी स्वतः जाते."

"का? बापावर भरवसा नाही तुझा?"

तिनं बापाकडं बघितलं. तो खाली मान घालून रुमालाची घडी घालत होता. घडीवर घडी. ऋतुराज काहीतरी बोलायला पुढं झाला. रेवानं त्याच्याकडं बघून मान हलवली, एवढीशी. मग म्हणाली, "आहे भरवसा." आणि खाली बसली.

मग मी बोलले. मला बोलायला फार येतं. म्हटलं, "शैलजाबाई, विहीण व्हायला आलात, आता बहीण होऊन जा." लोक हसले. लोक हसले की मला चेव चढतो. म्हटलं, "पुढं कुणाच्या मनात काही राहायला नको. ताट आणा, निरांजन लावा. रेवा, भावाला ओवाळ."

मुलगा पाटावर बसला. रेवानं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. डोळ्यांत पाण्याचा टिपूस आला नाही. मला अभिमान वाटला, आमच्या घरची पोर म्हणून. शैलजा करंज्यांची पाटी तिथंच ठेवून उठली. मी म्हटलं, जेवून जा. ती म्हणाली, "पोट भरलं."

तेव्हापासून रेवा पडवीत जेवते.

दिवाळी झाली, तिला मी ते काट्यांचं बोलले, ती गेली, आणि तुळशीच्या लग्नानंतर माझ्या माहेरच्या भाच्याच्या मुलीची सुपारी फुटायची होती. कार्यालयात गेले. दारातच पानजोशीचं टेबल. मुलीकडचं देवक वेळू, मुलाकडचं कुठलातरी बांबू. टेबलावरच्या मुलीनं दोन्ही पानं घातली. यंत्र बोललं, "जात एकच. झाडं दोन."

दोन्हीकडची मंडळी हळहळली. मी मात्र जागची हलले नाही. पेढा तोंडात होता.

"काय गं मुली," मी विचारलं, "हे असं लांबण लावून का बोललं? आमच्याकडं तर नुसतं 'झाड एकच' म्हणालं होतं."

"मग ती दोन्ही पानं एकाच झाडाची असतील, आजी."

"म्हणजे एकाच जातीची."

"नाही हो. जात एक असली तर जात एकच म्हणतं. झाड एकच म्हणजे एकच बुंधा. एकाच झाडाची दोन पानं तोडून घातली की तसं म्हणतं. मुलं गंमत करतात कधी कधी." आणि तिनं पुढच्यांना हाक मारली.

आपण सगळेच बोलतो तसं. तुमचं कळंब आमचं कळंब, झाड एकच. अंगणातल्या सगळ्या माणसांना तेच ऐकू आलं. यंत्राला आपली बोलायची ढब ठाऊक नव्हती. त्यानं जे होतं ते सांगितलं होतं. कोंडवलीचं झाड आमच्या तळ्यावर कसं येईल? किंवा आमचं कोंडवलीत? पेढा मला गिळवेना. मी तो पदराच्या टोकात काढून ठेवला आणि मिळेल त्या गाडीनं घरी आले.

रणजित ओसरीवर फोनला भाषण सांगत होता, शाळेच्या स्नेहसंमेलनाचं. "सर्व माणसं समान आहेत, श्रमाला प्रतिष्ठा..." फोन लिहून घेत होता.

मी म्हटलं, "बंद कर ते. तू घाट उतरला होतास का?"

"कधी?"

"रुमाल घेऊन गेलास तेव्हा."

त्यानं फोन पालथा ठेवला. पन्नाशीचा माणूस, पण लहानपणी शाळेत पाटी फुटली की ओठ जसे आत ओढायचा, तसे ओढले. "खिंडीपर्यंत गेलो होतो, आई."

"आणि?"

"माघारी फिरलो. तळ्यावर आलो. दोन पानं तोडली." मग एकदम बोलायला लागला. "लोक काय म्हणतील सांग. हेडमास्तरची विहीण ड्रायव्हर लोकांना भाकऱ्या वाढते! आणि हे मी रेवाला कुठल्या तोंडानं सांगणार होतो? तिला मी लहानपणापासून उलटं शिकवलंय. तू नाही म्हणाली असतीस तर सुटलो असतो. पण तू म्हणालीस, झाड बोलेल ते मी बोलेन."

"म्हणून देवाच्या झाडाला खोटं बोलायला लावलंस?"

"झाड खोटं बोललं नाही," तो हळू म्हणाला.

खरंच होतं ते. झाड खोटं बोललं नाही, यंत्र खोटं बोललं नाही. भर अंगणात, मोठ्या तोंडानं खोटं बोलले ती मी. एका बाईला हसवून हाकलली ती मी. ताट मागवलं ते मी. आणि बोलताना चवीनं बोलले.

"रेवाला कळलं नसेल असं वाटलं तुला?"

"मला वाटलं, जात एकच म्हणेल आणि संपेल. सबंध ओळ वाचतं हे मला ठाऊक नव्हतं." त्यानं फोन आणखी लांब सारला. "तिनं माझ्याकडं बघितलं ना, तेव्हाच कळलं. तिला कळलं हे मला कळलं."

"आणि तू घडी घालत बसलास."

 मी खांबाला धरून उभी राहिले. पोरीनं यंत्राचं बोलणं ऐकलं त्या क्षणी तिला सगळं उमगलं होतं. तोंड उघडलं असतं तर तिचं लग्न झालं असतं आणि बापाचं नाक सगळ्या गावासमोर कापलं गेलं असतं. म्हणून तिनं ओवाळलं. आणि आम्ही सणावाराला तिला तोंडाळपणानं विचारतो, बापाशी बोलत का नाहीस. तिला राग नव्हता. बापाला तिच्यासमोर घास गिळताना लाज वाटू नये म्हणून ती ताट बाहेर नेत होती. तिची रीत सुटली असं मी घरोघर सांगत फिरले होते. मला स्वतःच्या आवाजाची शिसारी आली. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं.

"सकाळी घाट उतरायचा," मी म्हटलं. "ह्या वेळी खिंडीत फिरायचं नाही. मी बरोबर आहे."

निघण्याआधी तळ्यावर जाऊन कळंबाचं एक पान मी स्वतः तोडलं, माफी मागून. रेवाला निरोप धाडला, यंत्र घेऊन कोंडवलीला ये, आज्जी वाट बघते. कशाला ते सांगितलं नाही.

खानावळीत जेवणाची गर्दी होती. शैलजा तव्यासमोर. मला बघून तिचा हात थांबला नाही.

"या आक्का. बहिणीकडं आलात?"

माझंच वाक्य होतं ते. तिनं जपून ठेवलं होतं.

"बसा. इथून कुणी उपाशी जात नाही," ती म्हणाली आणि तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी पुढ्यात आणून ठेवली.

मी बसले. रणजितला बसू दिलं नाही. "बोल," मी म्हटलं.

"इथं? आई, लोक जेवतायत."

"तिथंही लोक होते."

तो बोलला. खिंड, तळं, दोन रुमाल, सगळं. शेजारच्या बाकावरच्या माणसांचा घास हातात राहिला. खानावळीच्या कारणाशी आल्यावर तो अडखळला. मी म्हटलं, "तेही." मग तेही बोलला, शैलजाच्या तोंडाकडं न बघता.

शैलजानं भाकरी उलटली. "मास्तर, मीठ कमी-जास्त असेल तर मला सांगा. बाकीचं तुमच्या मुलीला सांगायला हवं होतं."

मी म्हटलं, "शैलजाबाई, माझ्या दारातून तुम्ही उपाशी गेलात. आज तुम्ही वाढाल तेवढं मी खाईन आणि बोलाल तेवढं ऐकेन."

ती बोलेल असं वाटलं. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसती वाटीत आणखी पिठी ओतली. "भाकरी गार होतेय."

रेवा आली तेव्हा ऋतुराज तिच्या मागं होता, चार हात अंतर ठेवून. बापाला तिथं उभा बघून तिनं दारातच पाय थांबवले. मग माझ्याकडं बघितलं आणि तिला कळलं की मला कळलंय. तिची मान खाली गेली, जणू चोरी तिचीच होती.

खानावळीच्या खाली, नदीच्या काठावर त्यांचं कळंब होतं. आम्ही सगळे गेलो. रेवानं पान तोडलं, मी पदरात बांधून आणलेलं आमचं पान दिलं.  मी देवक मानते. उद्याही मानेन. यंत्र घुमलं, थांबलं, पुन्हा घुमलं.

"झाडं दोन," ते म्हणालं. मग जरा वेळानं, "जात ठरलेली नाही."

"हे काय आणखी?" मी म्हटलं.

रेवा इतक्या दिवसांनी सरळ वाक्यात बोलली. "आज्जी, घाटाच्या दोन अंगांना ही झाडं फार पूर्वी वेगळी पडली. वरचा पराग खाली येत नाही, खालचा वर जात नाही. त्यामुळं दोघांच्या ओळी हळूहळू बदलत चालल्यात. काही शास्त्रज्ञ म्हणतात, अजून जात एकच आहे. काही म्हणतात, दोन झाल्या. भांडण चालू आहे."

"मग यंत्र काय करतं?"

"यंत्र अंतर मोजतं. कुठं रेघ मारायची ते माणसं ठरवतात. जात म्हणजे भिंत नसते गं, उतार असतो. एका जागी उभं राहून आपण म्हणतो, इथून पुढं नवं नाव."

"म्हणजे तुमचेही पंच अजून बसायचेत."

तिला हसू येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही. "काय फरक पडतो आता?" ती म्हणाली. "मी त्याला ओवाळलंय. तुझ्यासमोर, देवासमोर, गावासमोर. ते कुठलं यंत्र पुसणार आहे?"

ऋतुराजनं पाण्याकडं तोंड फिरवलं. शैलजा पदराला हात पुसत उभी होती. रणजितची नजर जमिनीवर. सगळे माझ्या तोंडाकडं डोळे लावून होते, आणि ह्याच तोंडानं तो घोटाळा केला होता. तरी बोलायला मीच हवी होते.

मी म्हटलं, "रेवा, वर बघ. पहिलं, तुझं चुकलं. बापाची अब्रू झाकायला स्वतःचा संसार ताटात घालून ओवाळायचा नसतो. मला येऊन सांगायचं होतंस, मी ऐकलं नसतं तर माझ्या कानात ओरडायचं होतंस. दुसरं, त्या दिवशी माझ्या अंगणात झाड एकच होतं, ते आपलं. ह्याचं देवक तिथं आलंच नव्हतं. जिथं देवकच आलं नाही, तिथं हा भाऊ कुठून झाला? ते ओवाळणं बाद. मी मागवलेलं ताट, मीच परत घेते. तिसरं, तुमचे पंच भांडू देत, घाटावर रेघ मी मारली. वरचं कळंब आपलं, खालचं ह्यांचं, सोयरीक होते. आणि आता खानावळीत चल, शैलजाबाईंनी वाढलंय. ताट घेऊन बाहेर जायचं नाही. बापाच्या आणि माझ्या मधे बसून जेवायचं. त्याला लाज वाटेल, मला वाटेल. वाटू दे."